कूलर, पोछा आणि लॅमिनेट: मानेवाड्याच्या घराच्या फ्लोअरिंग नोंदी

२३ मार्च

विषय निघाला डिसेंबरात. आईचे गुडघे, नागपूरची थंडी आणि आमची जुनी मोझॅकची फरशी. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना आई जो आवाज काढते तो वरच्या मजल्यावर ऐकू येतो, तेव्हाच म्हटलं होतं की पुढच्या हिवाळ्याच्या आत काहीतरी लाकडासारखं टाकून घेऊ. खऱ्या लाकडाचं बजेट नाही, फरशी फोडायची धूळ नको, म्हणजे लॅमिनेट, जुन्या फरशीवरच अंथरायच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या.

आज टेप घेऊन मोजलं. खाली आईची खोली १० बाय ११, वर आमची १२ बाय १४, पोट्ट्याची १० बाय १२. हॉल आणि किचनला हात लावायचा नाही. किचनमध्ये लॅमिनेट लावणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

नोंदी ठेवून राहिलोय कारण मागच्या वेळी बाथरूमच्या कामात कोणाला किती दिले, काय ठरलं होतं, काहीच लक्षात राहिलं नव्हतं.

३० मार्च

लकडगंजला जाऊन आलो. तीन दुकानं पाहिली. तिन्हीकडे एकच सीन, भिंतीवर ओळीनं पट्ट्या लटकवलेल्या, दुकानदार एकेक काढून तोंडासमोर धरतो, हा वॉलनट, हा ओक, हा टीक, ह्यात बघा गाठी कशा आल्या. सगळं वरून. मी पट्टी उलटी करून कडेकडून पाहायला लागलो तर गडी असा बघून राहिला जशी त्याची पगाराची स्लिप मागितली.

पहिल्या दुकानात, "भाऊ, बारा एमएम घेऊन टाका, वरून हत्ती नाचवा."

मी विचारलं पाण्याचं काय. तर त्यानं बिसलेरीची बाटली उघडली, पट्टीवर पाणी ओतलं, पाच मिनिटं ठेवलं, फडक्यानं पुसलं आणि एकदम जादूगारासारखं पाहिलं. आता वरचा थर मेलामाइनचा आहे, म्हणजे आपल्या डायनिंग टेबलच्या सनमायकासारखाच, त्यावर पाच मिनिटं पाणी कोणत्याही मालाचं राहील. माझ्या घरात पाणी वरून पाच मिनिटं येणार नाही, कूलरच्या टाकीतून रात्रभर येईल आणि जॉइंटमधून आत जाईल. तो कडेचा हिशोब ह्यानं दाखवलाच नाही.

दुसऱ्याने कापलेला भाग दाखवला, आतला भुसा हिरवा. "हिरवा म्हणजे मॉइश्चर प्रूफ, भाऊ." तिसऱ्याकडे जरा शांत म्हातारे काका बसलेले, ते म्हणाले सँपल घेऊन जा, घरी काय करायचं ते करा, मग या. बाकी दोघांकडूनही मागून तुकडे आणले, पहिला तर द्यायलाच तयार नव्हता, शेवटी तुटका कोपरा दिला.

२ एप्रिल

दोन रात्री वाचलं. मला समजलं ते आपल्या भाषेत लिहून ठेवतो.

पट्टी चार थरांची. सगळ्यात वर पारदर्शक थर, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, ओरखडे तोच अडवतो. त्याखाली छापील कागद, म्हणजे आपण ज्याला लाकूड म्हणून राहिलो तो फोटो आहे. मग मधला जाड एचडीएफ, लाकडाचा लगदा रेझिन टाकून दाबलेला. आणि सगळ्यात खाली एक बॅलन्सिंग कागद, पट्टी वाकू नये म्हणून. हा सगळा प्रकार स्वीडनच्या पेर्स्टोर्प कंपनीनं १९७७ मध्ये काढला, पर्गो हे नाव तिथलंच. आधी पट्ट्या गोंदानं चिकटवायचे, क्लिकवाली सिस्टीम, म्हणजे एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवायची, १९९० नंतरच्या दशकात आली.

मग एसी रेटिंग. एसी ३, एसी ४, एसी ५. हे घरात मोठ्यानं वाचलं तर आई म्हणे, एसी लावून राहिला का खाली? बायको म्हणे, थ्री एसीत तर नेहमीच जातो, टू एसी बघ. असो. तर एसी म्हणजे वरच्या थराची घासपूस किती सहन होते त्याची टेस्ट, फिरत्या चाकाला सँडपेपर लावून नक्षी उडेपर्यंत घासतात. घरासाठी एसी ३ चालतो, एसी ४ असला तर ऑफिसातही चालेल.

पण मुद्दा हा की एसी फक्त वरच्या कातडीचा आकडा आहे. आतला एचडीएफ किती दाबलेला आहे, कड पाणी किती पिते, क्लिकची खाच किती साफ कापली आहे, ह्याबद्दल एसी ५ छापलेला बॉक्सही एक अक्षर बोलत नाही. आणि दुकानदार तोच आकडा सगळ्यात मोठ्यानं सांगतो. जाडीचंही तसंच. १२ एमएमनं चालताना आवाज थोडा भरीव येतो हे खरं, पण जाड म्हणजे घट्ट नव्हे. पाव जाड असतो, चिक्की पातळ असते.

५ एप्रिल

आज प्रयोग. कोपऱ्यावरच्या सुताराकडून तिन्ही सँपलचे बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापून आणले. कटाई व्यवस्थित व्हावी म्हणून त्याच्या डोक्यावर उभा होतो, तो वैतागला.

किचनचा वजनकाटा काढला. हिशोब साधा, ८ एमएमचा असा तुकडा म्हणजे ८० घन सेंटिमीटर, १२ एमएमचा १२०. वजन भागिले आकारमान.

पहिल्या दुकानाचा ८ एमएम, एसी ३: ६२ ग्रॅम, म्हणजे घन सेंटिमीटरला ०.७७.

दुसऱ्याचा १२ एमएम, हिरवा: ८६ ग्रॅम. ०.७२. हा सगळ्यात महागातला, आणि आतून सगळ्यात पोकळ.

काकांचा ८ एमएम, एसी ४: ७१ ग्रॅम. ०.८९.

चांगला एचडीएफ ०.८५ च्या आसपास किंवा वर असावा असं वाचलं होतं, ०.७ च्या घरात आलं की तो एमडीएफच्या, म्हणजे कमी दाबलेल्या मालाच्या, बाजूला सरकला समजायचं. हे पाहून बायकोपण थोडी गंभीर झाली, तोपर्यंत ती वजनकाट्यावर भुसा सांडला म्हणून रागात होती.

आता तिन्ही तुकडे बादलीत. सोबत चौथा एक एसपीसीचा तुकडा, तो काकांनीच न मागता दिला होता. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, त्यात लाकूड नाहीच. वर वरवंटा ठेवलाय, तरंगू नयेत म्हणून. वरवंटा परत धुऊन देण्याच्या अटीवर मिळाला.

६ एप्रिल

२४ तास झाले. जाडी मोजायला भाच्याकडून व्हर्नियर मागवला, तो इंजिनिअरिंगला आहे, तो स्वतःच घेऊन आला बघायला.

पहिला ८ एमएमचा कडेला ९.७ झालाय, वरचा कागद कोपऱ्यात उचलला, नखानं काढला तर पापडासारखा निघतो. हिरवा १२ एमएमचा पार १४.९, कडा फुगून तुकडा मधे खोलगट झालाय, चक्क बशी. म्हणजे हिरवा हा फक्त रंग आहे, कोणीही टाकतो. काकांचा ८.८. फुगला तोही, लाकूड आहे शेवटी, पण वरचा थर जागेवर आहे. एसपीसीला काही म्हणजे काही झालं नाही, जसा टाकला तसा.

भाचा म्हणाला, मामा एक रीडिंग काही खरं नसतं, पाच घ्यायला पाहिजे. बरोबर आहे त्याचं, पण मी पीएचडी नाही करून राहिलो, मला तिघांतून एक काढायचा आहे आणि तो निघाला.

बशी झालेला तुकडा टीव्हीच्या कपाटावर ठेवलाय. घरी जो येईल त्याला दाखवून राहिलो, बायको म्हणते ट्रॉफी आहे का ती.

९ एप्रिल

खालच्या खोलीची ओल तपासली. दोन बाय दोन फुटाची जाड पन्नी फरशीवर ठेवून चारही बाजूंनी टेपनं सील केली, २४ तासांनी उचलली. कोरडी ठणठणीत. मी खूश, म्हटलं आईच्या खोलीतही लॅमिनेट चालणार.

संध्याकाळी साळा आला, तो सिव्हिलमध्ये सुपरवायझर आहे. पन्नी पाहून हसायलाच लागला. "भाऊजी, एप्रिलात नागपुरात मडक्यातलं पाणी उडून जाते, तुम्ही ओल शोधून राहिले? ऑगस्टमधे लावा पन्नी." मग मला आईच्या कपाटामागची भिंत दाखवली, खालून दीड फूट रंगाचे पापुद्रे, पांढरी पूड. हे दरवर्षी पोळ्याच्या आसपास येतं आणि दिवाळीला आपण त्यावर रंग मारतो. घर काळ्या मातीवर, पावसाळ्यात खालून पाणी चढतं, हे मला माहीतच होतं, फक्त फरशीशी जोडून बघितलं नव्हतं.

आता पंचाईत अशी की सगळं जिच्या गुडघ्यांसाठी सुरू केलं तिचीच खोली खाली.

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी चाललंय ना, मग मला कोणी विचारलं का? मी रोज फिनाईलचा पोछा मारणार. सांगून ठेवते. पिळून-बिळून नाही, चांगला ओला." मी म्हटलं आई, लॅमिनेटला घट्ट पिळलेलंच फडकं लागते. ती म्हणे मग ते तुमच्या वरच्या मजल्यावर ठेवा, मला ते दगडवालं दे जे बादलीत तसंच राहिलं.

मी तीन दिवस व्हर्नियर घेऊन बसलो आणि तिनं पोळी मोडता मोडता निकाल लावला. खाली एसपीसी. मोझॅकइतकं गार लागत नाही, मागे फोम चिकटवलेला असतो, आणि पाच एमएमचंच असल्यानं दार घासायची भानगड नाही.

मग वरही एसपीसीच का नाही, हे बायकोनं विचारलं, प्रश्न चांगला होता. आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, मे महिन्यात दुपारी तीन ते सहा सरळ ऊन फरशीवर, तिथे अनवाणी उभं राहता येत नाही. एसपीसीत पीव्हीसी आहे, ते उष्णतेनं वाढते. लॅमिनेटला उष्णतेपेक्षा ओलाव्याची भीती जास्त. म्हणजे खालचा शत्रू पाणी, वरचा शत्रू ऊन. शिवाय खरं सांगायचं तर लॅमिनेटवर पाय ठेवला की जे लाकडासारखं वाटते ते मला पाहिजे होतं.

१३ एप्रिल

काकांकडे जाऊन ऑर्डर दिली. त्यांना वजन आणि बादलीची गोष्ट सांगितली तर म्हणाले चाळीस वर्षांत कोणी पट्टी भिजवून आणली नाही.

हिशोब: वरच्या दोन खोल्या १६८ अधिक १२० म्हणजे २८८ चौरस फूट, त्यात ८ टक्के कटिंगची नासाडी धरून ३११. एका बॉक्समध्ये ८ पट्ट्या, १२१५ बाय १९५ एमएमच्या, म्हणजे २०.४ चौरस फूट. १६ बॉक्स. दर १२८ रुपये फूट मिळाला, खालचा फोम आणि पन्नी १२, फिटिंग १८, जीएसटी आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी) वेगळं. सगळे बॉक्स एकाच बॅचचे पाहिजेत हे पक्कं करून घेतलं, नाहीतर अर्ध्या खोलीत रंग वेगळा दिसतो.

दोन गोष्टी दुकानातच केल्या. एक, बॉक्स उघडून दोन पट्ट्या एकमेकींत क्लिक करून पाहिल्या. टक आवाज येऊन बसल्या, जॉइंटवरून नख फिरवलं, अडकलं नाही. हेच त्याच दुकानातल्या एका स्वस्त मालाचं केलं तर एक पट्टी दुसरीपेक्षा केसभर उंच, नख अडकते, रोज झाडू मारताना तीच कड आधी उडणार. दुसरं, बॉक्सवर ई१ लिहिलेलं पाहिलं, हे पट्टीतल्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू किती सुटतो त्याचं माप आहे. मी शिल्लक तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बंद करून दोन दिवस गच्चीवर ठेवला होता, उघडून वास घेतला तर थोडा भुशाचा वास, डोळ्यांना काही झोंबलं नाही. पहिल्या दुकानाच्या तुकड्याची बरणी उघडली तर डोळ्यांत पाणी. ह्याला शास्त्र म्हणू नका, पण पोट्टा त्या खोलीत झोपणार आहे.

रंग? बायकोनं दोन मिनिटांत निवडला. मधला ओक. गडद वॉलनटवर नागपूरची धूळ दुपारपर्यंत दिसते, हे तिचं म्हणणं आणि ते बरोबर आहे.

१९ एप्रिल

लेव्हल. साळ्यानं सहा फुटी अॅल्युमिनियमचा पट्टा आणला, खोलीभर फिरवला. नियम असा की दोन मीटरमध्ये ३ एमएमपेक्षा जास्त खड्डा नको, मिस्त्रीच्या भाषेत एक सूत. पोट्ट्याची खोली पास. आमच्या खोलीत खिडकीपाशी मोझॅक दबलीये, तिथे पट्ट्याखालून सात एमएम उजेड दिसतो. एवढ्या खड्ड्यावर पट्टी ठेवली की चालताना दबणार, जॉइंट चरकणार, आणि सहा महिन्यांत क्लिकची जीभ तुटणार. फिटर म्हणाला होता फोम डबल टाकून देऊ. साळा म्हणे चुकूनही नको, फोम डबल म्हणजे गादी, जीभ अजून लवकर तुटते.

सेल्फ लेव्हलिंगची, म्हणजे खड्डा भरायच्या पातळ सिमेंटी मिश्रणाची, २० किलोची एक गोणी पुरली. बादलीत ड्रिलला पंखा लावून मिसळायचं, ओतायचं, आणि दहा-पंधरा मिनिटांत पसरवायचं नाहीतर तिथंच दगड. पसरवताना माझी चप्पल त्यात गेली. एक ठसा राहिला, दुसऱ्या दिवशी घासून काढला.

२४ एप्रिल

माल आला. बॉक्स ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवायचे असतात, पट्टी घरच्या हवेला सेट व्हावी म्हणून. उभे ठेवू नका, वाकतात.

पण ह्या शहरात घरची हवा म्हणजे नेमकी कोणती? बाहेर ४३, हवा अशी कोरडी की ओठ फुटून राहिले, आणि संध्याकाळी सातला कूलर लावला की त्याच खोलीत मीठ ओलं होते. काका म्हणाले जसे राहता तसं ठेवा. म्हणून बॉक्स ठेवून रात्री कूलर चालू, दिवसा बंद, दोन दिवस तीन रात्री. फक्त कूलरच्या तोंडासमोर नाही ठेवले.

२७ एप्रिल

फिटिंग. दोन पोट्टे आले, एक उस्ताद आणि एक हाताखालचा, दोघांच्या गालात खर्रा. मी आधीच सांगितलं, थुंकायला खाली नालीवर जा. ह्यामुळे काम एक तास लांबलं असेल पण चालते.

आधी पन्नी अंथरली, जोडावर आठ इंच एकमेकीवर, टेप. त्यावर २ एमएमचा फोम, कडा फक्त एकमेकींना भिडवून. पहिली ओळ भिंतीपासून १० एमएम सोडून, मधे लाकडी पाचरा. हा गॅप का, तर ही फरशी कुठेच चिकटवलेली नसते, पूर्ण खोलीभर एक मोठी चटई तरंगते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मीटरमागे दीड एमएम धरतात. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर, साडेसहा एमएम होतात. तेवढी जागा भिंतीपाशी पाहिजे आणि ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. पट्ट्यांची दिशा खिडकीच्या उजेडासोबत ठेवली, आडवी टाकली तर प्रत्येक जॉइंटची सावली दिसते. एका ओळीचा जोड दुसऱ्या ओळीच्या जोडापासून फूटभर तरी लांब.

उस्तादाचा हात चांगला होता. पट्टी तिरकी धरतो, जीभ खाचेत टेकवतो, तळहातानं दाबून खाली आणतो आणि टक. ठोकताना थेट पट्टीवर हातोडी नाही, मधे लाकडी ठोकळा. मी एक ओळ स्वतः लावून पाहिली, चौथ्या पट्टीला जीभ मोडली. तो काही बोलला नाही, दुसरी उचलून दिली.

दुपारी दोनला ऑफिसचा फोन आला, मी वर गच्चीवर गेलो, अर्ध्या-पाऊण तासानं खाली आलो तोपर्यंत शेवटची भिंत आणि दाराची पट्टी झालेली, स्कर्टिंग ठोकून राहिले होते. छान दिसून राहिलं होतं. मी पैसे दिले. ही ओळ मुद्दाम लिहितोय, पुढे लागणार आहे.

दार अडीच सूत रंधलं. ८ एमएमची पट्टी आणि २ चा फोम आला की रंधावं लागतंच, १२ एमएम घेतलं असतं तर अजून गेलं असतं.

२९ एप्रिल

पोट्ट्याची खोली आणि आईचं एसपीसी दोन्ही झालं. आईनं फिटर जिन्यापर्यंत पोचायच्या आत पोछा मारला.

१८ मे

४५ च्या वर चाललंय. दोन नोंदी.

एक, वरच्या खोलीत दोन-तीन आडव्या जोडांवर केसाएवढी फट दिसते. काकांना फोन केला, ते म्हणाले कोरड्या हवेनं पट्टी आक्रसलीये, काही भरू नका, पावसात मिटेल. भरलं तर फुगायला जागा उरत नाही.

दोन, कूलर. खिडकीबाहेर स्टँडवर आहे खरा, पण खसचं पाणी वाऱ्यानं तुषार होऊन आत येते आणि खिडकीखाली सकाळी फरशीवर घाम. आधी मोझॅकवर हे कोणी पाहतही नव्हतं. आता खिडकीखाली जुन्या रेक्झिनची पट्टी टाकली, कूलर पुढून दोन सूत उचलला म्हणजे पाणी टाकीच्या मागच्या बाजूला राहील, आणि पाणी भरायचा पाइप चालू ठेवून टीव्ही बघायचा नाही असा घरात कायदा. कायदा माझ्याचसाठी आहे, बाकी कोणी विसरत नाही.

११ जुलै

आमच्या खोलीच्या दारात फरशी उचलली. उंबरठ्याच्या आत साधारण दोन फूट, दोन पट्ट्यांचा जॉइंट तंबूसारखा वर आलाय, पाय दिला की खाली जातो, उचलला की परत वर. पाच-सहा एमएम असेल. मला आधी वाटलं पाणी गेलं, पण कड फुगलेली नाही, कागद जागेवर आहे. पट्टी चांगली आहे, जागा नाही तिला.

फिटरला फोन केला. "पाऊस आहे भाऊ, लाकूड आहे, थोडं होतेच." मग फोन उचलणं बंद.

१३ जुलै

रविवार, साळा आणि मी. दारासमोरच्या भिंतीचं स्कर्टिंग काढलं. आत दोन लाकडी पाचरा जशाच्या तशा अडकलेल्या. १० एमएम गॅप ठेवण्यासाठी घातल्या आणि काढायलाच विसरले, म्हणजे गॅप असूनही नाही. तिसऱ्या पाचरेच्या जागी खर्ऱ्याची चुरगळलेली पन्नी.

साळा म्हणे, "सील करून दिलंय भाऊजी तुम्हाला, वॉरंटी आहे ही."

मग दाराची टी-पट्टी, उंबरठ्यापाशी फट झाकणारी, ती काढली. तिथे खरा गुन्हा. पट्टीचे स्क्रू जमिनीत जायच्या ऐवजी लॅमिनेटच्या पट्टीतून आरपार खाली मारलेले. म्हणजे एका बाजूला पाचर, दुसऱ्या बाजूला खिळा, आणि मधे पावसाळ्यात फुगणारी फरशी. ती वर नाही तर कुठे जाणार बिचारी.

पाचरा काढल्या. चौकटीपाशी पट्टी लाकडाला घासून बसली होती तिथे मल्टीकटरनं १० एमएम कापलं. टी-पट्टीला नवी भोकं पाडून स्क्रू फक्त मधल्या फटीतून खाली फरशीत मारले. स्क्रूची जुनी भोकं पट्टीखाली झाकली गेली.

शेवटची भिंत मी पाहायला पाहिजे होती. पैसे द्यायच्या आधी स्कर्टिंग न लावता चारही बाजू बोटानं चाचपून बघायच्या, एवढंच होतं.

१७ जुलै

चार दिवसांत बसली. काही ठोकलं नाही, काही ठेवलं नाही वर. जॉइंटवर एक पांढरी रेघ राहिलीये, चार इंचांची, तिथे कड घासली गेली. मे मधल्या फटी मिटल्या, काका बरोबर होते.

२४ ऑगस्ट

तान्हा पोळा झाला. पोट्ट्याचा लाकडी बैल, चाकांवरचा, वजन चार किलो तरी असेल, आजोबांच्या वेळचा. चाकांना लोखंडी धाव आहे. दिवसभर दोन्ही खोल्यांतून ओढून राहिला, मी मधेमधे जाऊन वाकून बघत होतो, बायको म्हणे बैलाला हळद-कुंकू लावलं तसं फरशीलाही लाव. संध्याकाळी टॉर्च आडवा धरून पाहिलं, ओरखडा नाही. एका ठिकाणी बैल पायरीवरून पडला तिथे तांदळाएवढी खोच. एसी ४ घासण्याचा आकडा आहे, आपटण्याचा नाही, हे बैलानं शिकवलं. चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून दिली.

आईच्या कपाटामागे ह्या वर्षीपण पापुद्रे आलेत. एसपीसीची एक पट्टी कडेला काढून पाहिली, खाली मोझॅक ओली, काळपट. पट्टी जशीच्या तशी. तिथे लॅमिनेट असतं तर आता दुसरी बशी टीव्हीच्या कपाटावर आली असती.

७ सप्टेंबर

उरलेल्या पट्ट्या मोजल्या, पूर्ण सात, आणि काही तुकडे. दिवाणाखाली आडव्या ठेवल्या, बॉक्सची बॅच नंबरवाली बाजू कापून त्यालाच चिकटवली. पांढऱ्या रेघेच्या जागची पट्टी हिवाळ्यात बदलायची, दाराकडून तिसरी ओळ, त्यासाठी दारापासून तीन ओळी उलगडाव्या लागतील. साळ्याला रविवार विचारायचा. ह्या वेळी पाचरा मी मोजून देणार आणि मोजून परत घेणार.